‘छोटी सी बात’सारखाच दुसरा सांगा ना! – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडला आमच्या घरी दर शनिवारी जेवणं उरकली की जुना सिनेमा लागतो. भिंतीला पांढरी चादर, भाच्याने टाकून दिलेला प्रोजेक्टर, खाली सतरंजी आणि शेजारपाजारची आठ-दहा टाळकी. सिनेमा संपला की चपला शोधता शोधता आणि नंतर आठवडाभर जिन्यात, दूध केंद्रावर, फोनवर तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. यातली मतं माझी आहेत. वाद घालायचा तर शनिवारी या, पण सिनेमा चालू असताना नको.

‘छोटी सी बात’ आमचा जीव की प्राण. अगदी तसाच दुसरा कुठला?

अगदी तसाच एकही नाही. ज्याने ‘सेम टु सेम आहे हो’ म्हणून सांगितलं असेल, त्याने दोन्हींपैकी एक झोपेत बघितला असणार.

जवळचे मात्र आहेत. बासू चटर्जी आणि अमोल पालेकर या जोडीचे चार सिनेमे आधी ओळीने बघून टाका: ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’ आणि ‘चितचोर’ (दोन्ही १९७६), ‘बातों बातों में’ (१९७९). बसस्टॉप, लोकल, ऑफिसातला फोन, सुती साडी, कॉलरचा शर्ट हे तुम्हाला हवं असलेलं सगळं सामान त्यांत सापडेल. पण चारही एकामागोमाग बघितलेत तर एक गोष्ट लक्षात येईल. सामान तेच असलं तरी ते एकमेकांसारखे नाहीत. ‘रजनीगंधा’ तर बऱ्याच जणांना कॉमेडी वाटतच नाही. मन्नू भंडारींच्या ‘यही सच है’ या कथेवरचा तो सिनेमा. त्यातली दीपा दोन पुरुषांच्या मध्ये अशी अडकते की हसू येता येता घशात राहतं.

मग ‘सारखा’ सिनेमा ओळखायचा कसा?

नट बघून शोधू नका. मी एकदा हाच घोळ केला होता. वरच्या मजल्यावरच्या काकांना ‘छोटी सी बात’ बेहद्द आवडला म्हणून मोठ्या उत्साहाने ‘घरौंदा’ची डिस्क दिली. तोच अमोल पालेकर, तीच मुंबई, तशीच ऑफिसं, दोन-तीन वर्षांच्या अंतरातलाच सिनेमा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. डिस्क हातात ठेवत काका म्हणाले, “अहो, ह्यात हसायचं कुठे होतं?” हसायचं नव्हतंच. घर घ्यायला पैसे नाहीत म्हणून प्रेमाचं काय होतं, याची ती कडू गोष्ट आहे. डॉ. श्रीराम लागू त्यात काय ताकदीने उभे राहिलेत हे काकांना सांगायचा प्रयत्न केला, पण ते जिना चढून गेले होते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी विचारतो. एक, या सिनेमात दोघांच्या मध्ये काय आडवं येतंय? लाजरा स्वभाव, तिसरा माणूस, बाप, पैसा, खोटं नाव की डोक्यावर नसलेलं छप्पर? दोन, त्या अडसराकडे सिनेमा कुठल्या सुरात बघतो? ‘घरौंदा’त अडसर आहे घर. ‘अशी ही बनवाबनवी’तही अडसर घरच! एक बघून डोळ्यांत पाणी येतं, दुसरा बघून हसून हसून पाणी येतं. अडसर जुळला आणि सूरही जुळला, तर नट, भाषा, साल काहीही असो, तो सिनेमा तुम्हाला ‘सारखा’ वाटणार. निदान आमच्या सतरंजीवर तरी हे सहसा चुकलेलं नाही.

लाजराबुजरा नायक हवा. नजर खाली आणि शब्द घशात.

मग सरळ ‘चश्मे बद्दूर’ (१९८१). सई परांजपे दिग्दर्शिका, म्हणजे आपल्या पुण्याच्या, रँग्लर परांजप्यांची नात. सिनेमा दिल्लीत घडतो. दोन फुशारकी मारणारे मित्र आणि पुस्तकात डोकं खुपसून बसलेला तिसरा. दीप्ती नवल ‘चमको’ साबणाची पावडर विकायला दार वाजवते आणि फारूख शेख दार उघडतो. या प्रसंगात प्रेमाचा एक शब्द नाही. पिंपात पाणी, पावडर, टॉवेल, आणि मध्येच बोलायचं काय ते न सुचल्याने दोघांची होणारी पंचाईत. फारूख शेख तिचं बोलणं ऐकताना जे तोंड करतो, ते पॉज करून बघा. साबणात एवढा रस घेणारा माणूस त्याआधी झाला नसेल.

त्यानंतर ‘कथा’, पुन्हा सईताईच. स. गो. साठ्यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून केलेला. चाळीतला सज्जन राजाराम (नसीरुद्दीन शाह) मनातलं सांगत नाही तो नाहीच, आणि घरात पाहुणा म्हणून घुसलेला बाशू (फारूख शेख) न विचारता सगळं सांगत सुटतो. ‘चश्मे बद्दूर’मधला बावळट फारूख इथे अट्टल थापाड्या झालाय. दोन्ही लागोपाठच्या शनिवारी बघा, मजा दुप्पट होते.

आता एक बारकावा. ‘छोटी सी बात’ला नुसता लाजरा नायक नाही, त्याला शिकवणारा गुरूही आहे. खंडाळ्याचे ते कर्नल, अशोक कुमार. तुम्हाला कर्नल जास्त आवडत असतील तर तुमची गाडी वेगळ्या फलाटावरची. ‘पडोसन’ (१९६८) बघा. तिथे गुरू आहे किशोर कुमार, तोंडात पान आणि गळ्यात दुसऱ्यासाठी गाणं. सूर मात्र दसपट मोठा आहे, आवाज कमी ठेवा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’च्या घराण्यातलंही सगळं इथेच येतं. पुलंची ‘ती फुलराणी’ आपल्याला पाठच. त्याच मुळावरून बासूदांनी देव आनंद आणि टीना मुनीमला घेऊन ‘मन पसंद’ (१९८०) केला.

आणि ‘छोटी सी बात’चं स्वतःचं मूळ?

‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’, १९६०चा ब्रिटिश सिनेमा. भिडस्त तरुण, त्याची मैत्रीण पळवू बघणारा आगाऊ प्रतिस्पर्धी, कुरघोडी कशी करावी हे शिकवणारी शाळा, आणि विकत घेतलेली भंगार गाडी, सगळं तिथेही आहे. इंग्रजीतला टेनिसचा सामना आपल्याकडे टेबल टेनिसचा झाला. बघाच, पण एक सांगतो. मूळ सिनेमा चतुर आहे. आपला चतुर आहे आणि वर प्रेमळही आहे. इंग्रजी सिनेमात नायिकेला फारसं काम नाही. विद्या सिन्हाच्या प्रभाला मात्र सगळं कळतं, मैत्रिणीला ती सगळं सांगते, आणि तो कधी बोलतोय याची वाट बघत मजेत असते. तोंडाशी रुमाल धरून हसणारी नायिका इंग्रजांना सुचली नाही.

खोटं नाव, वेषांतर, घोळात घोळ असं काही?

यात हृषीकेश मुखर्जींचा हात धरणारा कोणी नाही. ‘चुपके चुपके’ (१९७५) आणि ‘गोलमाल’ (१९७९) तुम्ही बघितलेच असतील. नसतील तर हे वाचणं थांबवा आणि आधी ते बघा. ‘गोलमाल’ कोणी प्रेमकथा म्हणून बघत नाही, सगळ्यांना उत्पल दत्त आणि मिशीच आठवते. पण बिंदिया गोस्वामीला बिनमिशीचा भाऊ आवडतो आणि तिच्या बापाला मिशीवाला, हा प्रेमातला अडसरच की. ‘चुपके चुपके’त तर लग्न आधीच झालेलं असतं, अडसर आहे तो फक्त बायकोच्या थोर जिजाजींचा. जिजाजींच्या बुद्धीवर मेहुणीचा एवढा विश्वास, की नवऱ्याला ड्रायव्हर होऊन शुद्ध हिंदीत त्यांचा छळ मांडावा लागतो.

‘चितचोर’सुद्धा याच गटातला, फक्त इथे खोटं कोणीच बोलत नाही. स्टेशनवर ज्याला घ्यायला गेले तो हा नव्हेच, एवढीच गफलत. मुलगी जीव लावून बसते आणि मग खरा इंजिनिअर येऊन उभा राहतो. येसुदासना ‘गोरी तेरा गाँव बड़ा प्यारा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच सिनेमातला.

मराठीत आहे का असं काही, की नुसती बनवाबनवी?

‘नुसती’ म्हणू नका. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पाठ नसलेला माणूस मला पुण्यात अजून भेटायचाय. आमच्याकडे तो लावला की आवाज बंद केला तरी चालतो. ‘धनंजय माने इथेच राहतात का’पासून ‘हा माझा बायको’पर्यंत सतरंजीच बोलते. पण तो वसंत सबनीसांच्या संवादांसाठी पाठ असतो, म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटते. ती एक उत्तम रोमँटिक कॉमेडी आहे. अशोक सराफ आणि अश्विनी भावे यांचे दुकानातले प्रसंग वेगळे काढून बघा. विवाहित असल्याची थाप मारून बसलेला माणूस मालकिणीच्या प्रेमात पडलाय, आणि खरं सांगावं तर घर जातंय. लिंबू कलरच्या साडीवर आपण हसतो, पण धनंजय मान्याची तिथे खरंच तंतरलेली असते. मूळ कल्पना हृषीदांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) मधली; पुण्यात आणून तिचं सोनं केलं ते सचिनने. परदेशी नातेवाईक हवा असेल तर बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९): दोन पुरुष साड्यांऐवजी फ्रॉक घालून पळताहेत, कारण मागे गुंड लागलेत.

त्याआधीचं बघायचं असेल तर १९५२चा ‘लाखाची गोष्ट’. राजा परांजपे, गदिमा, सुधीर फडके हे त्रिकूट. श्रीमंत बाप पोरीच्या प्रेमिकाला लाख रुपये देतो आणि सांगतो, ठरल्या मुदतीत उडवून दाखव. उडवायला पैसे आहेत आणि ते उडतच नाहीत, यावर अख्खा सिनेमा चालतो. ‘त्या तिथे, पलीकडे तिकडे’ हे गाणं त्यातलंच. आजीला समोर बसवून लावा, ती गाईल.

‘मुंबईचा जावई’ (१९७०) विसरू नका. नवं लग्न, चाळीतली खोली, घरभर माणसं, आणि नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला जागा नाही. ‘प्रथम तुज पाहता’ आणि ‘का रे दुरावा’ ही गाणी ज्यांना येतात त्यांतल्या निम्म्यांनी सिनेमा बघितलेला नसतो. बासूदांनी यावरून जया भादुरीला घेऊन ‘पिया का घर’ (१९७२) केला. मराठीतून हिंदीत गेलेल्या मालात हा माल चोख.

आणि अगदी पणजोबांच्या काळात जायचं असेल तर अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८). आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला नायक, आणि समोर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी खेळू खेळ’ म्हणणाऱ्या मीनाक्षीबाई. तेव्हा केवढा गहजब झाला होता! आज बघताना गहजब करण्यासारखं काही दिसत नाही, पण अत्र्यांची टोपी उडवण्याची हातोटी अजून ताजी आहे.

नाव आठवत नाही. एकच प्रसंग डोळ्यांसमोर येतो.

असे फोन सगळ्यात जास्त. पहिला नियम: प्रसंगावर विश्वास ठेवा, नटावर ठेवू नका. माणसं नट हमखास चुकतात. दुसरा: गाणं आठवतंय का? एक ओळ पुरते. गाण्यावरून सिनेमा, गीतकार, साल सगळं मिळतं. संवादावरून शोधायला गेलात तर दिवस जातो, कारण संवाद आपण मनातल्या मनात बदललेले असतात.

एका मावशींना आठवत होतं, “धर्मेंद्र-हेमाचं एक गाणं आहे, पण मध्येच तिथे अमोल पालेकर येतो.” घरच्यांनी वेड्यात काढलं होतं त्यांना. पण मावशी शंभर टक्के बरोबर होत्या! ‘छोटी सी बात’मध्ये अरुण, म्हणजे अमोल पालेकर, थिएटरात बसलाय, पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमा मालिनी ‘जानेमन जानेमन’ गाताहेत, आणि बघता बघता पडद्यावर तो स्वतः आणि प्रभा दिसायला लागतात. तेव्हा आठवण विचित्र वाटली तरी सांगून टाका. विचित्रच लवकर सापडते. ‘बागेत गाणं म्हणतात’ यावरून मी काय शोधू?

इंग्रजी जुने बघायचेत, पण ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की घरचे उठून जातात.

‘रोमन हॉलिडे’ने (१९५३) सुरुवात करा, कोणी उठत नाही. राजवाड्याला कंटाळलेली राजकन्या, बातमीच्या मागावरचा पत्रकार, स्कूटर आणि रोम. दगडी तोंडात हात घालायच्या प्रसंगात ग्रेगरी पेक अचानक हात बाहीत ओढून घेतो आणि ऑड्री हेपबर्न किंचाळते. ती खरंच किंचाळली होती, कारण तिला आधी सांगितलंच नव्हतं. ऑस्कर मिळालं तिला. कथेचंही मिळालं, पण ते दुसऱ्याच्या नावावर. खरा लेखक डाल्टन ट्रम्बो तेव्हा हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून ज्यांचं काम बंद केलं त्यांच्यात होता, आणि त्याच्या नावाने ते ऑस्कर १९९३मध्ये, तो गेल्यानंतर, त्याच्या पत्नीच्या हाती आलं.

मग ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४). बापाच्या घरून पळालेली श्रीमंत पोरगी, नोकरी गेलेला पत्रकार, रात्रीची बस. सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर एकट्याने नेणारा हा पहिला. एका खोलीत रात्र काढायची वेळ येते तेव्हा क्लार्क गेबल दोन पलंगांच्या मध्ये दोरीवर ब्लँकेट टाकतो. बस्स, ब्लँकेट! त्या वर्षी अमेरिकेत सेन्सॉरची आचारसंहिता कडक झाली, आणि दाखवायचं नाही ते न दाखवता कसं सांगायचं हे लिहिणाऱ्यांना शिकावंच लागलं. पुढची दहा वर्षं तिथे भांडखोर प्रेमाच्या सिनेमांचं पीक आलं, त्याचं एक कारण ते.

आणि तुम्हाला ‘बातों बातों में’ आवडत असेल तर ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०). बुडापेस्टमधलं छोटं दुकान, एकमेकांचं तोंड बघवत नाही असे दोन नोकर, आणि दोघंही एका अनोळखी माणसाला मनापासून पत्रं लिहिताहेत. ती अनोळखी माणसं कोण, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळतं, त्यांना तासभर कळत नाही. टपाल कचेरीतला एक शॉट आहे. पेटीच्या मागच्या बाजूने आपण बघतोय. हातमोजा घातलेला हात आत येतो, चाचपतो, पत्र नसतं. मग त्या चौकोनात तिचा चेहरा वाकतो. दहा-बारा सेकंद असतील. आमच्याकडे तेव्हा कोणीतरी कुरकुरीत पिशवी उघडत होतं, तेही थांबलं.

संवाद फार झपाट्याने बोलतात, तेव्हा सबटायटल लावायला लाजू नका. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) बघताना मी अजून लावतो.

रिमेक आधी की मूळ आधी?

जो आधी हाती लागेल तो. ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून राज-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ (१९५६) झाला आणि आमिर खानचा ‘दिल है कि मानता नहीं’ (१९९१) झाला. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी हे उलट्या क्रमाने बघितले आणि कोणाचं काही बिघडलं नाही. नकलेवरून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच विचारा, की मग ‘ती फुलराणी’चं काय करायचं?

मुलीला ‘छोटी सी बात’ दाखवला. ती म्हणाली, “बाबा, हा तिचा पाठलाग करतोय.”

करतोय. बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत जातो तिच्या मागे. माझी भाची सोळा वर्षांची असताना हेच म्हणाली होती, आणि मी ‘तेव्हा असंच असायचं गं’ असं मिळमिळीत उत्तर दिलं. ते चूक होतं. आता मी प्रभाकडे बघ म्हणतो. ती घाबरलेली नाही, तिला ठाऊक आहे, आणि हा शामळू काही करणार नाही याचीच तिला थोडी हळहळ आहे. सिनेमा ते आपल्याला स्पष्ट दाखवतो. तरीही तुमच्या मुलीला खटकत असेल तर खटकू द्या. तिचं चुकत नाही.

‘पडोसन’ तिच्यासमोर जपून लावा. दुसऱ्याच्या आवाजावर मुलगी पटवणं, आणि मद्रासी मास्तरची ती टर. गाणी अफाट आहेत, पण मधल्या काही जागा आज मलाच अवघडल्यासारख्या होतात. ‘चश्मे बद्दूर’मध्ये मात्र थापा मारणाऱ्या मित्रांचीच फजिती होते, म्हणून तो पोरांबरोबर बघायला सगळ्यात बिनघोर.

पुण्यात हे मोठ्या पडद्यावर कुठे बघायला मिळतील?

लॉ कॉलेज रस्त्यावर नजर ठेवा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथे १९६४पासून आहे. पी. के. नायर पहिले क्युरेटर. आज जे जुने भारतीय सिनेमे बघायला शिल्लक आहेत त्यांतले कितीतरी त्यांच्यामुळे. तिथल्या थिएटरात अधूनमधून जुने सिनेमे दाखवतात, आशयसारख्या फिल्म क्लबचेही खेळ होतात. जाहिरात फारशी नसते, वर्तमानपत्रातलं ‘आज पुण्यात’ वाचायची सवय ठेवा. थंडीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, त्यातही जुन्यांचा एखादा विभाग असतो. अर्धा तास आधी जा. ज्येष्ठ नागरिक एक तास आधी येतात.

त्याच रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट. प्रभात फिल्म कंपनी १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्या जागेत १९६०मध्ये ही संस्था सुरू झाली. ‘पिया का घर’ची जया भादुरी, ‘चितचोर’ची झरीना वहाब, ‘कथा’चा नसीर, ‘चश्मे बद्दूर’चा राकेश बेदी आणि पिवळी स्कूटर उडवत प्रभाला पळवणारा आपला नागेश, म्हणजे असरानी, ही सगळी मंडळी इथलीच. आपल्या आवडत्या सिनेमांतली अर्धी मुंबई कर्वे रस्त्यावर चहा पिऊन गेलीय असं म्हणायला हरकत नाही.

घरी बघायला चांगली प्रिंट कुठली?

यूट्यूबवर हक्क असलेल्या कंपन्यांच्या अधिकृत चॅनेलवर बरेच मिळतात. आधी लांबी बघा. दोन तासांचा सिनेमा दीड तासात ‘पूर्ण’ दिसत असेल तर गाणी कापलीत. गाणी कापलेला बासूदांचा सिनेमा म्हणजे फोडणी न दिलेलं वरण. ओटीटीवर आज आहे ते पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, म्हणून यादीत टाकून ठेवू नका, बघून टाका.

डिस्कवाल्यांसाठी: ‘तीन सिनेमे एकाच डिस्कमध्ये’ या मोहात पडू नका. बाजीराव रस्त्यावरच्या एका दुकानातून मी अशी एक आणली. दहा जण जमलेले, मध्यंतर झालं, कांदेपोहे फिरले, आणि नंतर पडद्यावर वेगळाच सिनेमा सुरू! पंधरा मिनिटं आम्ही तो फ्लॅशबॅक समजून बघत होतो. दुकानदार म्हणाला, “उघडलेली परत घेत नाही.”

सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला तर चालतो का?

घरात चार मित्रांना बोलावून बघणं वेगळं आणि नोटीस लावून हॉलमध्ये दाखवणं वेगळं. दुसऱ्याला हक्कधारकाची परवानगी लागते. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, हे हिशेबात धरा.

शेवट गोड नसला तर ती रोमँटिक कॉमेडी म्हणायची का?

‘रोमन हॉलिडे’ बघून हा प्रश्न दर वेळी येतो, सहसा नाक ओढत. माझं उत्तर हो. दोन तास हसवलं, प्रेमात पाडलं, आणि शेवटी तो लांबच लांब दालनातून एकटा चालत येतो. मला तो शेवट गोड वाटतो. आमच्या घरात यावर एकमत नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत.

अलीकडचं काही?

‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०). मुलगा बघायला मुंबईहून पुण्यात आलेली मुलगी, एक पुणेकर, एक दिवस, आणि कुठलं शहर चांगलं यावरून वाद. दोनच माणसं आणि नुसतं बोलणं, म्हणजे जुन्यांचीच रीत. पहिला बघा. पुढच्या भागांचं तुमचं तुम्ही ठरवा.

नवरा दहा मिनिटांत घोरायला लागतो. काय करावं?

‘चलती का नाम गाड़ी’ (१९५८) लावा. किशोर कुमार, मधुबाला, गॅरेज. तरी झोपला तर पांघरूण घाला.

पुढच्या शनिवारी काय आहे?

‘मिस्टर अँड मिसेस ५५’. गुरुदत्त आणि मधुबाला, साल १९५५. वारसाहक्काचे पैसे मिळायला महिन्याभरात लग्न हवं, म्हणून भाड्याने आणलेला नवरा. अडसर असा की लग्न आधी होतं आणि प्रेम मागून. गुरुदत्त आणि देव आनंद यांची दोस्ती आपल्या प्रभातमध्येच जमली, धोब्याने एकाचा शर्ट दुसऱ्याला दिला त्यावरून, असं देव आनंद सांगत असे. म्हणून पुढच्या-पुढच्या शनिवारी देव आनंदचा ‘तेरे घर के सामने’.

वेळ साडेनऊ. बेल एकदाच वाजवावी. चपला जिन्यात एका रांगेत काढाव्यात, शेवट आधी सांगणाऱ्याला पोहे मिळणार नाहीत.